देवांचे अन्न आणि दारातला कुत्रा

कोकोच्या झाडाचे शास्त्रीय नाव 'थिओब्रोमा काकाओ' असे आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ साली ते दिले. ग्रीक भाषेत 'थिओस' म्हणजे देव आणि 'ब्रोमा' म्हणजे अन्न. देवांचे अन्न. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला असे नाव भेटले की बरे वाटते. लिनियसने हजारो झाडांना नावे दिली, पण इतके लाडाचे नाव फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल. पुढे याच नावावरून कोकोच्या बीमधल्या एका द्रव्याचे नाव पडले, थिओब्रोमाइन. माणसाला या द्रव्याने तरतरी येते. कुत्र्याला पुरेशा प्रमाणात मिळाले तर त्याचा जीव जातो.

कुत्र्याला चॉकलेट द्यायचे नसते, हे आता बऱ्याच घरांत ऐकून माहीत असते. कोणी ते मानतो, कोणी हसण्यावारी नेतो. हे माणसाला कळले कसे आणि कळायला एवढा काळ का लागला, याची हकिगत मात्र फारशी कोणी सांगत नाही. कुत्रा माणसाच्या सोबतीला हजारो वर्षे आहे. कोकोही काल-परवाचा नाही. मग या दोघांचे वैर कोणाच्या लक्षात कसे आले नाही?

कोको किती जुना, ते आधी पाहू. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये सांता आना-ला फ्लोरिडा नावाच्या ठिकाणी सुमारे ५३०० वर्षांपूर्वीची भांडी सापडली. २०१८ साली संशोधकांनी जाहीर केले, की त्या भांड्यांत कोकोचे अंश आहेत. गंमत अशी, की पुराव्यांपैकी एक होते तेच थिओब्रोमाइन. पाच हजार वर्षे मातीच्या भांड्याला चिकटून राहिलेले! इतके टिकाऊ द्रव्य आहे हे.

तिथून कोको मेक्सिकोपर्यंत पोहोचला. माया आणि अॅझ्टेक लोक त्याचे कडू, फेसाळ पेय करीत. अॅझ्टेक राज्यात ते सरदार, योद्धे आणि बड्या व्यापाऱ्यांचे पेय होते, आणि कोकोच्या बिया बाजारात नाण्यासारख्या चालत. स्पॅनिश राजवट आल्यानंतरची, १५४५ सालची दरांची एक यादी उपलब्ध आहे. त्यात चांगल्या टर्कीच्या मादीची किंमत शंभर बिया आहे आणि मक्याच्या पिठाच्या एका तमालीची एक बी. त्याच मेक्सिकोत कुत्रेही पुष्कळ होते. पश्चिमेकडच्या कोलिमा भागात दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांतून मातीचे गुबगुबीत कुत्रे निघाले आहेत, इतके जिवंत की हात फिरवावासा वाटतो. म्हणजे कुत्रा होता, कोकोही होता. पण नाणी कोण कुत्र्यापुढे टाकतो? मला वाटते, या दोघांची गाठ पडायचे कारणच तेव्हा नव्हते.

युरोपातही बराच काळ हेच चालले. लंडनमध्ये १६५७ साली पहिले चॉकलेट-गृह निघाले, पण तिथले पेय श्रीमंतांच्या खिशालाच परवडणारे होते. चित्र पालटले ते एकोणिसाव्या शतकात. १८२८ साली हॉलंडच्या व्हान हाउटेनने कोकोतले लोणी पिळून काढणाऱ्या दाबयंत्राची सनद घेतली. लोणी निघाले आणि मागे राहिली ती सुकी कोको पावडर. थिओब्रोमाइन लोण्यात जवळपास जात नाही, ते या पावडरीत राहते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. १८४७ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याची वडी काढली. १८७५ साली स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने चॉकलेटमध्ये दूध घालण्याची युक्ती साधली. दूध आणि साखर आली तसा कोको कमी झाला, वडी स्वस्त झाली आणि मुलांच्या हातात आली. मुलाच्या हातात जे येते, त्यातला एक तुकडा कुत्र्याच्या तोंडी जातोच. गाठ पडली ती अशी.

इकडे रसायनशास्त्रज्ञ आपल्या वाटेने चालले होते. या वाटेवर एक कवी भेटतो, म्हणून जरा थांबतो. १८१९ साली जर्मनीतल्या येना गावी रुंगे नावाचा एक तरुण विद्यार्थी थोर कवी गटेला भेटायला गेला. सोबत त्याने एक मांजर नेले होते. बेलाडोना या विषारी झाडाचा अर्क डोळ्यात घातला की बाहुली कशी विस्फारते, ते त्याने त्या मांजरावर करून दाखवले. गटे खूश झाला आणि जाताना त्याने रुंगेला मूठभर कॉफीच्या बिया दिल्या, यात काय आहे ते शोध म्हणून. त्यातून रुंगेने कॅफीन वेगळे काढले. त्या मांजराचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. माणसाच्या ज्ञानाच्या इतिहासात जनावरे अशीच येतात आणि जातात.

१८४१ साली व्होस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने कोकोच्या बियांतून थिओब्रोमाइन काढले. १८८८ साली जर्मनीच्या कोसेलने चहाच्या पानांतून थिओफायलिन शोधले. कॅफीन, थिओब्रोमाइन आणि थिओफायलिन ही तीन सख्खी भावंडे म्हणावीत, रेणूत इकडचा तिकडचा फरक. यातले तिसरे भावंड आपल्याला परके नाही. दम्याच्या माणसांच्या घरी 'डेरिफायलिन' गोळी ठाऊक असते, तिच्यात थिओफायलिन असते. माझ्या अम्मीच्या उशाशी ती वर्षानुवर्षे असायची. थिओब्रोमाइनही एके काळी औषधच होते. अंगात पाणी साठून पाय सुजलेल्या रोग्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टर ते देत, लघवी मोकळी व्हावी म्हणून.

म्हणजे रेणू ठाऊक होता, त्याने हृदय आणि मूत्रपिंडे हलतात हेही ठाऊक होते. तरी जनावरांसाठी तो घातक आहे, हे कळायला वेगळीच वाट धरावी लागली. ती वाट गेली गोठ्यातून.

चॉकलेटच्या कारखान्यात कोकोच्या बिया भाजल्या की टरफले उरतात, तेल काढले की पेंड उरते. इतका माल फेकून कसा द्यायचा? आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड गुरांना घालतात, तशी तिकडे ही टरफले आणि पेंड जनावरांच्या खाद्यात मिसळू लागले. विशेषतः युद्धाच्या काळात, चारा महाग झाला तेव्हा. टरफलात एका ग्रॅममागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास थिओब्रोमाइन असू शकते. घोडे, गुरे, डुकरे, कोंबड्या आजारी पडू लागल्या, काही मेल्या. १९४३ साली ब्रिटनच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात कोकोच्या मालाने जनावरांना होणाऱ्या विषबाधेवर स्वतंत्र निबंध छापून आला. जनावर मेले की शेतकऱ्याचे नुकसान होते, नुकसान झाले की चौकशी होते. पुढे युरोपीय संघाने जनावरांच्या खाद्यात थिओब्रोमाइन किती चालेल याची मर्यादा कायद्याने घातली. सर्वसाधारण खाद्यात किलोमागे ३०० मिलिग्रॅम, पण कुत्रा, ससा आणि घोडा यांच्या खाद्यात फक्त ५०.

घोड्यांच्या बाबतीत तर शर्यतीच्या पैशाने शास्त्राला कामाला लावले. थिओब्रोमाइन हे उत्तेजक म्हणून शर्यतीच्या घोड्यांना निषिद्ध आहे. १९७९ साली इंग्लंडमध्ये 'नो बॉम्ब्स' नावाचा घोडा शर्यत जिंकला आणि तपासणीत अडकला. त्याने आपल्या मोतद्दाराकडचा मार्स बार मटकावला होता. बक्षीस गेले. घोड्याला याची खंत वाटली असेल असे वाटत नाही.

आता कुत्रा. घरच्या कुत्र्याच्या मरणाने कोणाचा धंदा बुडत नाही, म्हणून त्याची नोंद सगळ्यांत उशिरा झाली असावी. १९७२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात एका कुत्र्याच्या थिओब्रोमाइन विषबाधेची हकिगत आली. ऐंशीच्या दशकात अशा आणखी नोंदी आल्या आणि हळूहळू डॉक्टरांच्या पुस्तकांतून ही गोष्ट घरांपर्यंत उतरली.

उशीर होण्याची आणखी दोन कारणे आहेत आणि ती कुत्र्याच्या शरीरातच आहेत. माणसाचे यकृत थिओब्रोमाइन बऱ्यापैकी झटपट मोडून टाकते. कुत्र्याच्या रक्तातले हे द्रव्य निम्मे व्हायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. शिवाय लक्षणे दिसायला सहा ते बारा तास जातात. संध्याकाळी खाल्लेले मध्यरात्री अंगावर येते. आधी उलट्या, जुलाब, सारखी तहान. मग अस्वस्थपणा, धाप, नाडीची घोडदौड, हृदयाचे ठोके चुकणे. त्यापुढे झटके. सकाळी मालक म्हणतो, काही तरी चावले असेल, कोणी तरी विष घातले असेल. आदल्या संध्याकाळच्या लाडाशी त्याचा संबंध कोण जोडणार?

दुसरे कारण मात्रेचे. इथे थोडे गणित करावे लागेल, माफ करा. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम थिओब्रोमाइन गेले की पोट बिघडते, ४० ते ५० गेले की हृदयावर येते, ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण दोन मिलिग्रॅम असते, गडद चॉकलेटमध्ये पाच किंवा त्याहून जास्त, कोको पावडरमध्ये वीस ते अठ्ठावीस. पांढऱ्या चॉकलेटमध्ये जवळजवळ नाहीच. तीस किलोच्या लॅब्राडॉरने दुधाच्या चॉकलेटचा एक तुकडा खाल्ला तर बहुधा काही होत नाही. म्हणून मालक सांगत सुटतो, आमचा तर नेहमी खातो. तो खोटे बोलत नाही. त्याचा अनुभव त्या तुकड्यापुरता आणि त्या वजनापुरता खरा असतो. पाच किलोच्या पॉमेरेनियनने कोको पावडर चाटली तर गणित पार बदलते.

असा पॉमेरेनियन मी पाहिला आहे. टाळेबंदीच्या काळात घरोघरी केक आणि ब्राउनी सुरू झाले, तसे आमच्या शेजारच्या वहिनींकडेही झाले. त्यांच्या ब्राउनीच्या एका ट्रेमध्ये चाळीसेक ग्रॅम कोको पडत असे. एका संध्याकाळी त्यांच्या पिंटूने पाव ट्रे फस्त केला. म्हणजे दहा ग्रॅम कोको, अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास थिओब्रोमाइन, आणि पिंटूचे वजन पाच किलो. हिशेब तुम्हीच करा. वहिनींची मुलगी रात्री अकराला आमच्याकडे आली. आमच्या गल्लीत तेव्हा एकाच घरी गाडी होती, ती आमची. "चाचा, एवढ्याशा केकने काय होतं? पण तो बसतच नाहीये, गोल गोल फिरतोय." गाडीत तिने त्याला मांडीवर घेतले होते. वाटेत ती एकदाच बोलली, "याचं काळीज किती उडतंय बघा ना." गाडी चालवताना मी काय बघणार? पण आरशात तिचा हात त्याच्या छातीवर थरथरताना दिसत होता, आणि तो हात ती थरथरवत नव्हती.

डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले. या विषाला उतारा नाही. वेळेत गेले तर इंजेक्शन देऊन उलटी काढतात, औषधी कोळशाची पूड पाजतात, सलाइन लावतात, ठोके आणि झटके आवरण्याची औषधे देतात. एक गोष्ट मला तिथे नव्याने कळली. थिओब्रोमाइन मूत्राशयाच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरते. म्हणून कुत्र्याला तासा-दोन तासांनी लघवी करवावी लागते, नाही तर नळी घालावी लागते. त्या रात्री ती मुलगी पिंटूला घेऊन दवाखान्याच्या आवारात कितीदा फिरली असेल! तिसऱ्या दिवशी पिंटू घरी आला.

वहिनींचे सासरे मात्र ठाम होते. "आमच्या वाड्यातला कुत्रा लाडू-जिलबी खाऊन चौदा वर्षं जगला." जगला असेल. लाडवात नि जिलबीत कोको नसतो. लाडवात मनुका होत्या का, असे मी विचारले, तर त्यांना आठवेना. मनुकांची कथा तर आणखी ताजी आहे. द्राक्षे आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, हे अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या नोंदींतून २००१ च्या सुमारास पुढे आले. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, हा विचार २०२१ साली मांडला गेला. ईदला आमच्याकडे शीरखुर्म्यात मूठ मूठ मनुका असतात, आणि वाटी विसळली की उरलेले दारातल्या कुत्र्याला, ही जुनी रीत. आता घरात ती वाटी विसळून थेट मोरीत जाते आणि कुत्र्याला वेगळी भाकरी.

मांजराचे काय, असे कोणी विचारील. आमच्या घरात कुत्रा कधी नव्हता, मांजरे मात्र पिढ्यानपिढ्या. थिओब्रोमाइन मांजरालाही घातकच आहे. पण त्याला निसर्गाने वाचवले आहे. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी दाखवले, की मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही. त्यासाठी लागणारे एक जनुक त्याच्यात निकामी आहे. आमची बिजली चॉकलेटचा वास घेऊन तोंड फिरवायची, तेव्हा आम्ही तिला नखरेल म्हणायचो. कुत्र्याला गोड कळते, आवडते, आणि तो डब्यासकट खातो.

पक्ष्यांनाही हे झेपत नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर किआ नावाचा रानटी पोपट आहे, भलता चौकस, प्रवाशांच्या पिशव्या उचकणारा. गडद चॉकलेट खाऊन मेलेल्या एका किआची नोंद २००७ साली तिथल्या पशुवैद्यकीय नियतकालिकात आली. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमध्ये २०१४ साली चार काळी अस्वले एकाच जागी मरून पडलेली सापडली, दोन माद्या आणि दोन पिल्ले. शिकाऱ्यांनी त्यांना आमिष म्हणून जवळजवळ ४१ किलो चॉकलेट आणि डोनट ठेवले होते. गोळी झाडायची वेळच आली नाही.

याच्याही पुढे माणूस गेला. मेंढ्या मारणाऱ्या कोयोटींना, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यांना, मारण्यासाठी थिओब्रोमाइन आणि कॅफीन यांचे मिश्रण वापरता येईल का, याचा अभ्यास अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी केला आणि २००५ साली तो प्रसिद्ध झाला. कुत्र्याच्या जातीचा जीव हे विष मोडू शकत नाही, हे कळल्यावर कोणी दार बंद करून डबा वर ठेवला, आणि कोणी त्याचे हत्यार करता येते का पाहिले. मेंढपाळाचे दुःख मला कळते. तरीही ते वाचताना त्या दिवशी चहा कडू लागला.

आता आपल्याकडे येऊ. कॅडबरी कंपनी १९४८ साली भारतात आली आणि आपल्या भाषेत तिचे नाव इतके मुरले, की कोणतेही चॉकलेट म्हणजे 'कॅडबरी' झाले. ठाण्यात तर त्या नावाचा नाकाच आहे. २०१४ साली कंपनीने आपले नाव बदलले, आपण बदलले नाही. आपली ही कॅडबरी बहुतेक दुधाची, म्हणजे थिओब्रोमाइनच्या हिशेबात पातळ, आणि महाग म्हणून वाट्याला येई तीही दोन चौकोन. आपल्या वडीलधाऱ्यांचा 'काही होत नाही' हा अनुभव त्या दोन चौकोनांचा आहे. गेल्या काही वर्षांत तो काळ पालटला. दिवाळीच्या मिठाईच्या डब्याजागी चॉकलेटचे डबे येऊ लागले. मधुमेहाच्या भीतीने सत्तर टक्के, पंचाऐंशी टक्के कोकोच्या काळ्या वड्या घरात आल्या. माणसाला जी जास्त चांगली म्हणून आणली, तीच कुत्र्याला जास्त वाईट. आणि घरात आता कुत्रेही लहान जातीचे, मांडीवर बसणारे.

सण हे जोखमीचे दिवस असतात. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवरून लिव्हरपूल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१७ साली दाखवले, की कुत्र्यांनी चॉकलेट खाल्ल्याच्या घटना एरवीच्या मानाने नाताळात चौपट आणि ईस्टरला दुप्पट होतात. आपल्या दिवाळीचा असा हिशेब माझ्या वाचनात नाही, पण डबे तर तेच आहेत, आणि ते ठेवलेले असतात टीपॉयवर, बरोबर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला.

तसे कधी झालेच, तर घरच्या घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये, त्याने दुसरेच संकट ओढवते. लक्षणांची वाटही पाहू नये. कुत्र्याला उचलावे आणि चॉकलेटचे वेष्टन सोबत घ्यावे. फाटलेले असले तरी घ्यावे. त्यावर कोकोचे टक्के छापलेले असतात, आणि डॉक्टर आधी तेच विचारतात: कुठले खाल्ले, किती, आणि केव्हा.